गुणमेलनाचा प्रोग्रॅम कोणी लिहिला

आमचे हे निवृत्त झाल्यावर काय करणार, याची काळजी मी सोडून सगळ्यांना होती. मला खात्री होती की हे काहीतरी काढतील आणि त्याचा पसारा मी आवरीन. शेजारच्या गृहस्थांनी कुंड्या आणल्या, वरच्या मजल्यावरचे सिंहगड चढू लागले. यांनी मेलेले कॉम्प्युटर धरले.

म्हणजे खरे कॉम्प्युटर नव्हेत. ते परवडले असते, कधीतरी भंगारवाल्याला तरी देता आले असते. हे एम्युलेटर. आपल्या लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम टाकायचा, आणि तो दुसऱ्याच कुठल्यातरी, कधीच बंद पडलेल्या यंत्राचं सोंग घेतो. त्या यंत्राची एवढीशी मेमरी, त्याचा सावकाश चालणारा प्रोसेसर, हिरव्या अक्षरांचा पडदा, सगळं हुबेहूब. मग त्या काळचं सॉफ्टवेअर त्यात घातलं की ते मुकाट्याने चालू लागतं. आपण परक्या घरात आहोत हे त्याला कळतच नाही. यांनी हे मला फार कौतुकाने समजावलं. मी म्हटलं, समजलं, अनुभव आहे मला. त्यावर हे म्हणाले की तुला अनुभव कसा असेल, हे सगळं आत्ता आत्ता आलंय.

मुलगा परदेशी गेल्यापासून आमच्या विश्रांतवाडीच्या फ्लॅटमधली त्याची खोली रिकामी होती. ती या उद्योगाला मिळाली. रविवारी सकाळी तिथे मंडळी जमू लागली. यांच्याच वयाचे दोन निवृत्त आणि आयटीत नोकरी करणारे दोन तरुण, त्यातला एक नागपूरकडचा. चौघंही यांना इंटरनेटवरच्या कुठल्याशा ग्रुपवर भेटलेले. कोणी लहानपणचा गेम चालवून दाखवायचा, कोणी कॉलेजातलं शब्दलेखनाचं सॉफ्टवेअर. पोहे, चहा, पुन्हा चहा, ही खाती अर्थातच माझ्याकडे होती.

आता थोडं मागचं सांगायला हवं. आम्ही दोघं एकाच ऑफिसात होतो. नारायण पेठेत वह्यांच्या एका दुकानावर ते होतं. अरुंद लाकडी जिना, वर दोन खोल्या, आणि आतल्या खोलीत एसी लावून ठेवलेला एकुलता एक कॉम्प्युटर. माणसांना पंखा, कॉम्प्युटरला एसी, असे ते दिवस होते. मी प्रोग्रॅम लिहायची. हे बाहेरचं काम बघायचे, म्हणजे स्कूटरवरून हिंडून गिऱ्हाइकं आणायचे. एकदा यांनी एका वधू-वर सूचक मंडळाचं काम आणलं. त्यांना पत्रिका जुळवून हव्या होत्या, कॉम्प्युटरवर, कारण गुरुजींनी केलेलं गुणमेलन मुलाकडचे एक सांगायचे आणि मुलीकडचे दुसरंच.

पंचांगात गुणमेलनाचा भलामोठा तक्ता असतो. इकडे वराची नक्षत्रं, तिकडे वधूची, मध्ये आकडे. तो अख्खा तक्ता त्या यंत्राच्या मेमरीत मावेना. मालक म्हणाले, सोडून द्या. मी सोडला नाही. मंडळाच्या गुरुजींकडे जाऊन बसले आणि ते आकडे येतात कुठून ते विचारलं. वर्ण, वश्य, तारा, योनी करत करत नाडीपर्यंत. गुरुजींनी आधी, मुलीच्या जातीला हे कशाला, असा चेहरा केला, पण मग त्यांनाच मजा वाटू लागली. नियम हातात आल्यावर तक्त्याची गरजच उरली नाही. यंत्राने नियम लावायचे आणि गुण मोजायचे. नक्षत्र आणि चरण टाका, छत्तीसपैकी किती ते घ्या, एकनाडी असेल तर तसा शेरा घ्या. माझ्या आयुष्यात मी इतकं नीटस काही केलेलं नाही, नंतरही नाही. स्वयंपाक धरला तरी नाही.

प्रोग्रॅम सुरू झाला की पहिल्यांदा पडद्यावर रोमन अक्षरांत माझं नाव यायचं. माझं, वडिलांचं, माहेरचं आडनाव. मालकांनी ते राहू दिलं, त्याबद्दल मी अजून त्यांची आभारी आहे.

पुढे आमचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका कुठे जुळवली असेल ते सांगायला नको. सासूबाईंचा गुरुजींपेक्षा कॉम्प्युटरवर विश्वास जास्त होता. अठ्ठावीस गुण जमले. म्हणजे या घरात मला माझ्याच प्रोग्रॅमने पाठवलं, तक्रार करायची तरी कोणाकडे? लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने यांनी माझं नवं नाव लिहिलं. जुनं नाव चालण्यासारखं नव्हतं, कारण सासूबाईंच्या नणंदेचं नाव तेच होतं आणि त्या नावाने प्रेमाने हाक मारायला त्यांची जीभ वळत नव्हती. वर्षाच्या आत नोकरीही सुटली. आई होती तोवर जुन्या नावाने हाक मारायची. ती गेली, त्यानंतर कोणी नाही. मुलाला ते नाव ऐकून माहीत असेल, पण विचारलं तर पटकन सांगता येणार नाही.

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या माझ्या ट्रंकेत त्या प्रोग्रॅमची फ्लॉपी सापडली. मोठी, हातात वाकणारी, तशी आता कोणी पाहिलीही नसेल. हे एवढे खूश झाले की मला क्षणभर वाटलं, माझ्यावरच झाले. येरवड्याला जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक माणूस यांनी शोधला होता. त्याच्याकडे अशा फ्लॉप्या वाचण्याचा ड्राइव्ह होता. तो म्हणाला, हिला बुरशी लागली आहे, लेप सुटतोय, एकदा वाचली जाईल तेवढीच. वाचली गेली. आतलं सगळं यांनी फाइल करून आणलं आणि फ्लॉपी तिथेच कचऱ्यात टाकली.

मी फार आशा लावून बसले हे कबूल आहे. घरी कोणी नसताना चालवून बघा, असं मी म्हटलंच नाही. उलट यांनी, रविवारी सगळ्यांसमोरच उद्घाटन करू, म्हटल्यावर मला बरं वाटलं. मला एवढंच हवं होतं की त्या चार परक्या माणसांत यांनी एकदा म्हणावं, हा हिने लिहिलाय. बाकी काही नको होतं. त्या रविवारी मी पोह्यांवर ओलं खोबरं जरा जास्तच घातलं.

पोह्यांचा ट्रे घेऊन मी दारात उभी होते तेव्हा पडदा हिरवा झाला. आधी यंत्राची नेहमीची बडबड, मग मधोमध माझं नाव. ते नाव असं लिहिलेलं मी शेवटचं कधी पाहिलं होतं ते मला आठवेना. चौघंही पुढे झुकून वाचत होते. नागपूरकडच्या मुलाने विचारलं, "काकाजी, ह्या कोण?"

हे कीबोर्डवर बोटं ठेवून पडद्याकडेच बघत होते. म्हणाले, "होती एक आमच्या ऑफिसात. लग्न झालं, गेली सोडून."

मग यांनी आमच्या दोघांची नक्षत्रं टाकून दाखवली. अठ्ठावीस. वाहवा झाली. एवढ्या वर्षांनी, दुसऱ्या यंत्रात बसूनही हिशेबात तसूभर फरक नाही, असं एक निवृत्त गृहस्थ म्हणाले. मग यांनी ते काम मंडळाकडून कसं मिळवलं, गुरुजींना कसं पटवलं, याची गोष्ट सांगितली. गोष्ट खरी होती. तिच्यात फक्त मी नव्हते. मी ट्रे टेबलावर ठेवून आत आले.

सगळे गेल्यावर मी विचारलं की तुम्ही असं का म्हणालात. यांना खरोखरच प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं.

"मग काय सांगायला हवं होतं?" हे म्हणाले. "खोटं काय बोललो? लग्न झालं, नोकरी सोडली."

"ती मी होते."

"अगं, पण ते नाव आता तुझं थोडंच आहे? त्यांना कसं कळणार? उगीच सगळं पुराण सांगत बसायचं."

मी भांडले नाही. भांडण करायला समोरच्याला आपण काय केलं ते थोडं तरी कळलेलं असावं लागतं. मी नुसतं बोलणं कमी केलं. अमुक हवं का, तमुक आणू का, हे बंद. जेवायला बोलवायचं तर टीव्ही बंद करायचा. तेवढं यांना बरोबर कळलं. दोन-तीन दिवस हे माझ्याभोवती घुटमळत राहिले. मला राग येत होता आणि त्यांची थोडी कीवही येत होती, आणि कीव आल्याचा आणखी राग येत होता.

शनिवारी दुपारी मी आडवी झाले होते. हे उठवायला आले. म्हणाले, चल, गंमत दाखवतो. मी गेले. यांनी मला चक्क आपल्या खुर्चीवर बसवलं, जिथे मी कधी बसले नव्हते, आणि प्रोग्रॅम सुरू केला. पडदा हिरवा झाला आणि मधोमध नाव आलं. यांनी लिहिलेलं. तांदळात लिहिलं होतं ते माझं नाव, पुढे यांचं नाव, पुढे यांचं आडनाव.

"बघ," हे म्हणाले, "आता तरी झालं ना समाधान?"

यात अवघड काहीच नव्हतं. प्रोग्रॅम उघडायचा, एक ओळ बदलायची, त्याच फाइलवर सेव्ह करायचं. मी विचारलं, जुनी फाइल ठेवली आहे ना. हे म्हणाले, कशाला, एकाच नावाच्या दोन फाइली झाल्या की गोंधळ होतो. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथे लबाडी नव्हती. चांगलं काम करून शाबासकीची वाट बघणारा माणूस होता. लबाडी असती तर मला सोपं गेलं असतं. मी उठून चहा टाकायला गेले.

रविवारी यांनी तो पडदा पुन्हा सगळ्यांना दाखवला आणि या वेळी माझ्याकडे हात करून म्हणाले, या बघा आमच्या प्रोग्रॅमर. सगळ्यांनी वळून बघितलं. मागच्या रविवारी तिथे दुसरंच नाव होतं, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. दुसरा तरुण फार आदराने म्हणाला की काकू, तुम्हीपण कोडिंग करायचा, वॉव, काकांनी शिकवलं असेल ना. हे हसले. नाही म्हणाले नाहीत.

मग मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, "यांना त्यातली एक ओळ लिहिता येत नव्हती. अख्खा प्रोग्रॅम मी लिहिलाय. यांनी फक्त त्यावरचं माझं नाव पुसलंय."

एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "वहिनी म्हणजे अस्सल पुणेरी," आणि सगळे जोरात हसले. नागपूरचा मुलगा तर डोळे पुसत होता. हे सगळ्यांत जास्त हसले, आणि हसता हसताच त्यांनी माझ्यापुढे रिकामा कप धरला.