माझ्या नावाने गेलेली पत्रिका

मंगळवारी शाळेतून घरी आलो, चपला काढल्या आणि उभ्या उभ्या मोबाईलवर आलेली एक लग्नपत्रिका उघडली. त्यानंतर आजच पहिल्यांदा नीट बसलोय...

मी भिवंडीत संस्कृत शिकवतो. मुलं हा विषय मार्कांसाठी घेतात आणि पालक तो मंगलाष्टकांसाठी लक्षात ठेवतात. मानकोलीपासून वज्रेश्वरीपर्यंत कुठेही लग्न ठरलं, की "सर, पोरीच्या नावाने चार ओळी लिहून द्या" असा फोन येतोच. त्यामुळे अनोळखी नंबरवरून पत्रिका आली तर मी नंबर बघत नाही, मुहूर्त बघतो.

ही पत्रिका उघडताना मोबाईलने रीतसर विचारलं होतं. अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप आहे, चालेल? चालेल. मेसेज वाचू? वाच. सगळे नंबर बघू? बघ बाबा... शाळेत वर्षभर इतके ऑनलाइन फॉर्म भरतो, की 'होय'वर बोट आपलं आपण जातं.

पत्रिका काही दिसली नाही. स्क्रीन पांढरी झाली. मी चहा घेतला.

तासाभरात आमच्या गणिताच्या बाईंचा फोन. "सर, पत्रिका मिळाली, अभिनंदन! पण तुमची मुलगी सातवीत आहे ना हो?"

तीच पत्रिका, माझ्या नावाने, माझ्या मोबाईलमधल्या यच्चयावत लोकांना गेली होती. लेकीला सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं की मग सहामाही द्यावी लागणार का...

कल्याण नाक्याजवळ नदीमभाईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी आधी माझं सिम काढून बाजूला ठेवलं आणि मग तोंड उघडलं. "मास्टरजी, ये कार्ड नहीं, पूरी बारात है. दरवाज़ा आपने खोला, अब अंदर बैठ के सबको बुला रही है."

आजवर मोबाईल-कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्याला मी 'व्हायरस' म्हणत आलो. नदीमभाईंनी माझी शिकवणी घेतली... व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून फिरतो. वर्म कुणाच्या मदतीशिवाय पसरतो. आणि माझ्याकडे आला तो ट्रोजन. तो सोंग घेऊन येतो, आणि दार आपण उघडतो. मग आत बसून बँकेचे ओटीपी वाचतो आणि चोरांना पाठवतो.

"और सिर्फ आपका नहीं. जिसने जिसने खोला, उसका भी."

तेव्हा मला अंजूरचे पांडूदादा आठवले. त्यांची खाडीकडची शेती गोडाऊनला गेली. तिचे सगळे पैसे बँकेत, आणि बँक त्यांच्या मोबाईलवर. नातीचं लग्न महिन्यावर आलंय, तिची मंगलाष्टकं मीच लिहितोय. माझ्याकडून आलेली पत्रिका ते उघडणार नाहीत, हे शक्यच नव्हतं.

बँकेला कळवून माझं खातं थांबवलं, सायबर हेल्पलाइनला तक्रार केली. बायकोच्या मोबाईलवरून दादांना तीनदा फोन केला. नंबर ओळखीचा, तरी उचलेनात. नातेवाइकांच्या ग्रुपवर बायकोने लिहिलं, ह्यांच्या नावाने आलेली पत्रिका उघडू नका. त्यावर मेहुण्याचं उत्तर... "ताईचा फोन हॅक झालाय, कुणी विश्वास ठेवू नका." पत्रिकेवर मात्र त्याने सकुटुंब शुभेच्छा दिल्या होत्या.

तसाच रिक्षाने अंजूरला निघालो. वाटेत कंटेनरची रांग. प्रत्येक मिनिटाला दादांचा एकेक गुंठा जातोय असं वाटत होतं.

दादा ओटीवर बसलेले. एरवी लांबूनच "या सर" म्हणणारा माणूस 'बसा' सुद्धा म्हणाला नाही. काकूंनी पाणी दिलं, तेही न बोलता. मला वाटलं, संपलं सगळं...

"दादा, माझी पत्रिका उघडलीत?"

"का म्हून उघरायची?" दादा कडाडले. "मोबाईलवर धारलीव! घरा आलाव का? कुंकू लावलाव? सुपारी ठेवलीव? आमी काय वाटेवर परलेले हाव? फोन पन मुद्दाम न्हाय उचलला!"

मला हसू आवरेना, आणि त्याने दादा आणखीच पेटले. शेवटी सगळं समजावलं.

"म्हंजी लगीन न्हाय?"

"नाही दादा. सातवीत आहे ती."

"मंग ठीक हाय," म्हणाले, आणि काकूंना चहा टाकायला सांगितला. ती फाइल मी माझ्या हाताने त्यांच्या मोबाईलमधून काढून टाकली.

पुढचे दोन दिवस शाळा सुटली की घरोघरी फिरलो. लोक पत्रिका द्यायला जातात, मी परत घ्यायला. तिघांनी ती उघडली होती. त्यांचे पैसे वाचले, पण मोबाईल पूर्ण पुसावे लागले. माझाही पुसला. त्यात दादांच्या नातीची लिहून होत आलेली मंगलाष्टकंही गेली... आता पुन्हा पहिल्यापासून.

काल संध्याकाळी पांडूदादा नातीची पत्रिका घेऊन घरी आले. आम्हा दोघांना कुंकू लावलं, सुपारी ठेवली. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "मोबाईलवर धारनार होतो सर... पन तुमचा भरोसा न्हाय."

दमलोय खरा. पण त्यांच्या रुसव्याने माझी उरलीसुरली झोप वाचवली. मंगलाष्टकं नव्याने लिहायचीच आहेत, तर एक ओळ आजोबांच्या रागासाठी घालीन म्हणतो.