जिवंत माणसाचा फोटो

नंदुरबारला माझा फोटो स्टुडिओ आहे. बहुतेक काम पासपोर्ट फोटोंचं. समोरून दोन दिवे सारखे लावायचे, म्हणजे तोंडावर सावली राहत नाही आणि माणूसही फारसा राहत नाही.

मागच्या हिवाळ्यात धानोऱ्याचा एक म्हातारा शेतकरी बायकोला घेऊन आला. त्याला स्वतःचा मोठा फोटो हवा होता. कारण त्याने सरळ सांगितलं.

"मी मरसू तवय पोरं आधार कार्डना फोटो मोठा करीसन टांगतीन. त्यामा मी चोर दिखस."

त्याने कार्ड दाखवलं. मला नाही म्हणता आलं नाही.

मी एकच मोठा दिवा बाजूने, जरा उंचावर लावला. असा उजेड पडला की चेहऱ्यावरची रेघन् रेघ उठून दिसते. फोटो बघून मी खूश होते. त्याची बायको बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिने विचारलं, दुसरा गाल कुठे गेला. मी सावलीचं महत्त्व सांगितलं. ती म्हणाली, लग्नापासून तिने दोन गाल पाहिले आहेत.

मग मी थर्माकोलचा पांढरा तक्ता तिच्या हाती दिला आणि अंधाऱ्या गालाच्या बाजूने धरायला सांगितला. दिव्याचा उजेड त्यावरून परतून गालावर आला. जवळ गेलं की उजेड वाढतो हे कळल्यावर ती नवऱ्याकडे सरकतच गेली. तो तिच्याकडे पाहून हसायच्या बेतात होता, तेवढ्यात मी बटन दाबलं.

फ्रेम घरी नेऊन त्यांनी पुढच्या खोलीत लगेच टांगली.

महिन्याभराने दोघं परत आली. मधे विसरवाडीहून तिचा भाऊ त्यांच्या घरी आला होता. भिंतीवरचा फोटो पाहून तो दारातच रडायला लागला, कळवलं का नाही म्हणून बहिणीवर चिडला. इतक्यात म्हातारा गोठ्यातून आत आला. मेहुण्याला त्यानेच पाणी दिलं. सावरल्यावर मेहुणा म्हणाला, माझी काय चूक, एवढा शांत तर हा जिवंतपणी कधी दिसला नाही.

"फोटो ते भारी शे," म्हातारा मला म्हणाला. "पन मी बी शे ना आजून."

मी दोघांना शेजारी शेजारी बसवलं. उजेड दोघांवर सारखा पडावा म्हणून दिवा मागे नेला. तिच्या चष्म्यात तो चमकायला लागला, तेव्हा आणखी वर चढवला. या वेळी दोघंही गंभीर बसली.

आता पुढच्या खोलीत हा जोडीचा फोटो आहे. एकट्याचा कपाटात, धोतरांच्या घडीखाली. मुलांना जागा दाखवून ठेवली आहे. म्हातारा अधूनमधून तो काढून बघतो, असं त्याच्या बायकोने परवा फोनवर सांगितलं.