अपेक्षांचा रकाना

“आवं काका, ह्ये बी लिवायचं?” कीबोर्डवरचा हात हवेत थांबवून ती विचारायची. समोर कुठल्यातरी मुलाचा लग्नाचा बायोडेटा असायचा आणि त्यात चुलतमामांची बारा एकर बागायतही आलेली असायची.

“लिही,” मी म्हणायचो. “लग्न जमिनीचं होतं. मुलगा नुसता सोबत जातो.”

सांगलीतल्या ज्या दुकानात मी पत्रिका नि बायोडेटांची प्रूफं तपासतो, तिथे ती कडेगावहून टायपिंगला आली. तुम्ही पुण्याचे असाल, तर सांगलीला शहर म्हणताना ओठ मुडपाल. तिला इथल्या सिग्नलचंही अप्रूप होतं. रस्ता रिकामा असला तरी पायी चालणारी ही बाई हिरव्या दिव्याची वाट बघायची.

मग तो आला. बँकेत नोकरी, कडक इस्त्री. बायोडेटासाठी आणलेले दोन फोटो त्याने तिच्यापुढे ठेवले. “यातला कुठला? मुलगी म्हणून सांगा.”

मुलगी म्हणून तिला आजवर सगळ्यांनी सांगितलंच होतं; विचारलं याने पहिल्यांदा.

“ह्यो. ह्यात हसताय तुमी.”

तोच फोटो लागला. पुढे तो येतच राहिला. चौकट बदला, गणपती लहान करा. दर वेळी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा. ती पावडर लावून येऊ लागली. आमची करमणूक झाली.

“एका पानासाठी माणूस तीन खेपा घालतो होय?” मी तिला म्हणालो. विनोद होता. पण माझ्या नजरेखालून गेलेलं सगळं बरोबरच असतं, असा तिचा समज होता.

त्याच आठवड्यात पलूसच्या एका फौजीचं स्थळ तिला चालून आलं. मुलगा सुट्टीवर, उत्तर लगेच हवं.

“न्हाई म्हंजे न्हाई, आबा,” ती फोनवर वडिलांना म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. खरं सांगायची वेळ तीच होती. मी चहा मागवला.

चौथ्या खेपेला तो म्हणाला, “अपेक्षांमध्ये एक ओळ वाढवा. खेडेगावातील स्थळे नकोत.”

तिचा हात हवेत थांबला. “ह्ये बी लिवायचं?” या वेळी तिने त्यालाच विचारलं.

“हो, बोल्डमध्ये. नाहीतर उगाच चौकशा येतात. तुम्हाला माहितीच आहेत तिकडचे लोक.”

तिने बोल्ड केलं. मी प्रूफ वाचलं. एकही चूक नव्हती. जाताना त्याने तिचे मनापासून आभार मानले. माणूस वाईट नव्हता.

दिवाळीनंतर आबा तिला न्यायला आले. फौजीचं दुसरीकडे जमलं होतं. निघण्याआधी तिने स्वतःचा बायोडेटा टाइप केला. उंची, रास, दीड एकर. कागद माझ्यापुढे ठेवला. सवयीने मी लाल पेनाचं टोपण काढलं.

“अपेक्षांचा रकाना राहिला की गं.”

“आवं काका,” पिशवीची चेन ओढत ती म्हणाली, “त्ये बी लिवायचं?”