परतीची टोपली

लोरेटा क्वॅमला मुलींचा राग असा फारसा यायचा नाही. वैताग मात्र यायचा, आणि परीक्षा जवळ आल्या की तो पार डोक्यात जायचा. नवरा गेल्यावर तिनं नेब्रास्कातल्या कॉलेजच्या गावी, मुलींच्या एका भगिनीमंडळाच्या घरात ‘हाउस मदर’ची, म्हणजे घर आणि मुली सांभाळायची नोकरी धरली होती; मुली तिला ‘मॉम’च म्हणत. घरभर मुली, सगळ्या एकमेकींच्या ‘सिस्टर’. सिस्टरला नाही म्हणायचं नाही, अशी तिथली रीतच. त्यामुळे एकीचा स्वेटर दुसरीच्या अंगात आणि तिसरीचे बूट भलतीच्याच पायात. शेवटी लोरेटानंच तोडगा काढला. रविवारच्या जेवणाआधी ती पियानोजवळ एक टोपली ठेवी. जिनं जे नेलं असेल ते तिनं गुपचूप त्यात टाकायचं. कोणी काही विचारायचं नाही.

डिसेंबरची परीक्षा सोमवारी सुरू होणार होती. रविवारी दुपारी टेस हॅल्व्हर्सन स्वयंपाकघरात आली आणि फ्रिजला टेकून उभी राहिली.

“मॉम, माझ्या गोळ्या संपल्या.”

टेसचं मन एका जागी ठरत नसे. त्यासाठी तिला शाळेपासून डॉक्टरांची गोळी होती. ती घेतली की पानभर मजकूर सलग वाचता येई. उद्या स्टॅटिस्टिक्सचा पेपर होता, आणि त्यात पास झाली तरच नर्सिंगला प्रवेश.

“संपल्या कशा? महिनाभराच्या मिळतात ना तुला?”

“मागितल्या सगळ्यांनी. एकेकच मागितली.”

“आणि तू दिल्यास?”

“सिस्टर आहेत ना त्या!”

“अगं, स्वेटर आहे का तो? जा, फार्मसीतून दुसऱ्या आण.”

“महिना भरल्याशिवाय, म्हणजे गुरुवारपर्यंत, देत नाहीत. आणि डॉक्टरांना काय सांगू, वाटून टाकल्या म्हणून? गुन्हा आहे तो.”

लोरेटानं हातातली सुरी ओट्यावर आपटली.

संध्याकाळी ती टोपली घेऊन जेवणाच्या टेबलाशीच उभी राहिली. “आज स्वेटर राहू देत. टेसच्या गोळ्या टाका यात.”

सगळ्याजणी आपापल्या ताटात बघायला लागल्या. मंडळाची अध्यक्ष पेज तेवढी बोलली. “मॉम, एवढं काय त्यात? कॉफीसारखंच तर आहे.”

“मग कॉफी पी ना, बाई! भांडंभर करून ठेवलीय.”

“पण टेसनं घेतली की औषध आणि आम्ही घेतली की लबाडी? हा कुठला न्याय?”

लोरेटानं नाकावरचा चष्मा काढून पेजच्या नाकावर चढवला. “हं. आता वाच काहीतरी.”

“काही दिसत नाहीये.”

“मलाही नाही. माझा चष्मा तुझ्या नाकावर आहे ना!”

मुली खिदळल्या. पेजनं चष्मा उतरवून परत दिला. “पण मॉम, गोळीनं मला खरंच जास्त दिसतं.”

लोरेटानं चष्मा पदराशी न पुसताच नाकावर चढवला आणि टोपली टेबलाच्या मधोमध आदळली.

जेवणं आटोपल्यावर टोपलीत एक मफलर, केसांची इस्त्री आणि कागदी रुमालात बांधलेल्या चार-पाच गोळ्या निघाल्या. काही पांढऱ्या, काही निळ्या. टेसच्या गोळ्या केशरी असत. या कुणाच्या मित्राच्या, कुणाच्या भावाच्या, कोण जाणे. टेसचा हात पुढे आला तशी लोरेटानं टोपली मागे ओढली.

“कसल्या आहेत ते देवाला ठाऊक. हात लावू नकोस.”

“मग उद्या मी काय करू?”

“उद्या आपलं डोकं घेऊन जा. दुसरं काय!”

सकाळी बर्फातून गाडी काढून लोरेटानंच तिला सोडलं. रस्ताभर लोरेटा पेजच्या नावानं बोटं मोडत होती. टेस परत आली ती शेवटचं अख्खं पान कोरं ठेवून. तो विषय आता पुन्हा घ्यायचा, आणि नर्सिंग एक वर्ष पुढे.

पेजचा पेपर मात्र झकास गेला होता. संध्याकाळी ती टेससाठी कपकेक घेऊन स्वयंपाकघरात आली. “सॉरी गं. अगदी मनापासून.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “गुरुवारी नवीन बाटली येईल ना?”

लोरेटानं ओरडायला श्वास घेतला.

“येईल,” टेस बोटावरचं क्रीम चाटत म्हणाली.

“मग एकच...”

“नाही.”

पेजनं तिचा हात धरला. “अगं, मी सिस्टर आहे तुझी!”

“म्हणून तर तोंडावर सांगतेय.”

लोरेटानं घेतलेला श्वास तसाच सोडून दिला आणि ओव्हन उघडला. बटाट्याचा कॅसरोल करपून कोळसा झाला होता.

“घ्या!” ती म्हणाली. “आता हेच खा सगळ्याजणी.”