खाकी कागदातलं पुस्तक

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तो तर त्या दुपारी समोरच बसला होता.

शुक्रवारी नमाज आटोपून इक्बालभाई दोह्यातल्या आमच्या अल सद्दच्या घरी आले, की पुस्तकांची बैठक सुरू व्हायची. इक्बालभाई रत्नागिरीकडचे, मुशैरिबमधल्या एका ऑफिसात क्लार्क. सुट्टीहून परतताना आम्ही पाच-सहा घरं सामानात पुस्तकं आणायचो — त्यासाठी लोणच्याची एखादी बरणी मागे ठेवून यायचो. नियम मात्र इक्बालभाईंचा. पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घालायचं, नावाचं पान चिकटपट्टीनं बंद करायचं. वाचायचं, मोकळं बोलायचं, मग कागद फाडून लेखक बघायचा. मोठ्या नावापुढे उगीच माना डोलायला नकोत, म्हणून.

काय दिवस होते ते! एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीत तलवारींपेक्षा विशेषणंच जास्त चालली, असं मी म्हटलं होतं. एका पाककृतींच्या पुस्तकानं मला रडवलं — त्यातली भरली वांगी थेट माझ्या आईची होती. एका रहस्यकथेतला खुनी मी दुसऱ्याच प्रकरणात ओळखला आणि सगळ्यांना सांगून टाकला. एका आत्मचरित्राला मी 'स्वतःच केलेला स्वतःचा सत्कार' म्हटलं. कागद फाटला, नाव दिसलं, आणि सगळ्यांनी जिभा चावल्या. मी नाही चावली. इक्बालभाई तर दारातूनच विचारायचे, "वहिनी, आज कोणाची कुर्बानी?"

मला ते फार आवडायचं. खरं बोलणारी बाई — दोह्यात एवढीच तर माझी ओळख होती.

मग ते कथांचं पुस्तक आलं. बारीकसं. तिसऱ्याच पानावर, खाडीपार माणसं नेणारा एक होडीवाला होडी सोडण्याआधी ओंजळभर पाणी चाखतो. भरती कुठवर आलीय ते त्याला जिभेवर कळतं. मी थांबले. हे मी आधी ऐकलं होतं. एकदा बाजारातून गाडीनं आम्हाला घरी सोडताना इक्बालभाईंनी आपल्या वडिलांची ही सवय सांगितली होती.

म्हणजे मला कळलं होतं. समजताय ना? कागदाआड कोण आहे, ते मला ठाऊक होतं.

आणि पुस्तक चांगलं होतं. ती कथा संपल्यावर मी स्वयंपाकघरात नळाचं पाणी ओंजळीत धरून उभी राहिले होते, कितीतरी वेळ. मीही लिहायचे — लग्नाआधीपासून, लपून. त्यातलं काहीच कधी उभं राहिलं नाही. त्यांचं राहिलं होतं. मग मला काय वाटलं? मत्सर. सौम्य शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

शुक्रवारी बोलायची माझी पाळी आली. मी म्हटलं, "खाडी, होडी, गरीब बाप — किती वेळा तेच ते? या माणसाला कोणीतरी सांगा, बाबा रे, आपली नोकरी सांभाळ."

सगळे हसले. इक्बालभाईही हसले. पोह्यांची बशी त्यांच्या गुडघ्यावर तशीच होती. नवरा कागद फाडायला पुढे झाला, तेव्हा त्यांनी पुस्तक अलगद उचललं. "राहू दे. खलास. याचं नाव बघून काय करायचं?"

पुढच्या शुक्रवारीही ते आले. दारातून तेच विचारलं, तसंच हसत. त्यानंतर किती शुक्रवार गेले, किती वेळा त्यांनी आम्हाला गाडीतून सोडलं — एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो? मी बोलले नाही. निवृत्त होऊन ते गावी गेले, तेव्हा विमानतळावरही नाही.

गेल्या महिन्यात ते वारले. मी त्यांच्या पत्नीला, रेहानाभाभींना, फोन केला. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "एकदाच लिवलं त्यांनी. पुढं का नाय लिवत, विचारलं की म्हणायचे — अल सद्दच्या वहिनींनी वाचलंय. त्या कधी खोटं बोलत नाहीत."

मी "हो" म्हणाले.