काखेतली खपली

माझ्या शेजाऱ्याला वस्तू दाखवल्याशिवाय बोलता येत नाही. कपाशीत अळी पडली की तो किडकं बोंड खिशात घालून मारेगावच्या कृषी केंद्रात जातो, काउंटरवर ठेवतो आणि गप्प उभा राहतो. पुढचं दुकानदार बघतो.

मी निवृत्त जीवशास्त्र शिक्षक. त्याला मी एकदा मोठ्या कौतुकानं सांगितलं, की शरीरातही असंच चालतं. पहारेकरी पेशी जंतूला गिळते, त्याचा तुकडा अंगावर मिरवत काखेतल्या किंवा मानेतल्या जवळच्या गाठीत नेते. तो तुकडा ओळखणारी टी पेशी तिथं भेटली, आणि वर तिला आणखी एक इशारा मिळाला, की ती जागी होऊन फौज उभी करते.

"बरं हाये," तो म्हणाला.

यंदा पावसाळा सरताना मला ताप आला, उतरेना. डॉक्टरकडे न जाता मी खाटेवरून त्यालाच शिकवत होतो. "गाठ सुजली म्हणजे पेशी कामाला लागल्या," असं म्हणून काख दाखवली. त्याला गाठीशेजारची काळी खपली दिसली.

"सर, उठा पयले."

दवाखान्यात मी टी पेशींपासून सुरुवात केली. त्यानं मुकाट्यानं माझा हात धरून वर केला. खपली बघताच डॉक्टर गंभीर झाले. गवतातला बारीक किडा चावून येणारा ताप होता. आणखी उशीर जिवावर बेतला असता. त्यांनी लगेच औषध सुरू केलं.

"आपण काय करता?" त्यांनी मला विचारलं.

"पूर्वी शिकवायचो."

"कायचं पूर्वी," शेजारी म्हणाला, "अजूनही शिकवूनच राह्यले."