मंडईच्या दिवसांत सायकलीचे दिवे

माझी मोठी बहीण गोंदियाजवळच्या गोरेगावच्या रस्त्यावरच्या एका गावात राहते. आम्ही सारे तिला बाईच म्हणतो. नवरा गेला, लेक बाहेरगावी आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनचं नाव काढलं की भांडायला उठते. भांडखोरपणा आमच्या घराण्यातच आहे. दिवस कलला की मी म्हशीचं दूध किटलीत घालतो, किटली हँडलला अडकवतो आणि सायकलीनं तिच्याकडे जातो. ती चहा करते. मी म्हणतो चहा पांचट झाला. ती म्हणते, तूच दुधात पाणी घालून आणलंस. एवढं झालं की मी परत निघतो. हिवाळ्यात घरी पोचेपर्यंत अंधारून येते.

मुलगा म्हणतो, मी मोटारसायकलनं दूध नेऊन देतो. नेऊन देईल, पण तो दारातच किटली रिकामी करून गाडी फिरवतो. बाईला दूध कमी पडत नाही. तिला भांडायला माणूस पाहिजे.

पहिले हा रस्ता अरुंद होता. समोरून एस.टी. आली की दोघंही खाली उतरत होतो, मी पण आणि एस.टी.चं एक चाक पण. आता रस्ता रुंद झाला आणि सायकलवाल्याची जागा कमी झाली. यंदा दिवाळीच्या आधी हलक्या धानाची कापणी सुरू होती, तेव्हा एक ट्रॅक्टर ट्रॉलीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून मागून आला. तणस दोन्ही बाजूंनी हात हात बाहेर लोंबत होती. ट्रॅक्टर लागला नाही, ट्रॉली लागली नाही, तणशीनं मला ढकललं आणि मी सायकलीसकट नालीत. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नाही, तो गाणं लावून पुढे गेला. कोपर खरचटलं, किटली चेपली, बस.

घरी मुलानं सायकल गोठ्याच्या खांबाला साखळीनं बांधली.

“बाबूजी, आता बस झालं. सायकल बंद.”

“काऊन?”

“काऊन म्हणजे? मराचं हाय का?”

“तणशीनं कोणी मरते का बे?”

“तणशीनं नाही मरत,” बायको आतून बोलली, “पण तिच्या मांगून टिप्पर येते ना जी!”

कुलपाची चावी तिनं कमरेला खोचली. तिथून काढायची माझी हिंमत नाही. मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवलो, कारण वांग्याची भाजी होती, पण कोणाशी बोललो नाही.

नातीन गोंदियाला कॉलेजात शिकते. तिनंच मधला रस्ता काढला. “आबाजींची सायकल काऊन बंद करता? लाइट लावू ना. आता लय नवीन नवीन लाइट निघाले.”

मी म्हटलं, मी का नवरदेवाचा घोडा आहो, लाइट लावून फिरायला? जन्मभर बिनदिव्याची सायकल चालवली. पण साखळी तशीच राहिली असती तर बाईचं तोंड दिसलं नसतं, म्हणून हो म्हटलं. मुलानं अट घातली. मी लाइट लावून जायचं, त्यानं मोटारसायकलवर मागून येऊन पाहायचं. गाड्या माझ्यापासून दूर होऊन गेल्या तर चावी माझी. नाही गेल्या तर सायकल भंगारवाल्याला. मी म्हटलं मंजूर. तो म्हणाला, मग भांडू नका. मी म्हटलं, ते मंजूर नाही.

पहिल्यांदा नातनीनं चाकांच्या तारांना लाइट बसवले. चाक फिरलं की लाल, हिरवे, निळे गोल दिसत होते. खरं सांगतो, मलाही आवडले. पण दिवस मंडईचे होते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच, रात्री दंडारीचं नाटक होते, पाहुणे येतात, आणि फुगेवाले, खेळणेवाले सायकलीवर चमचम करणारं सामान बांधून गावोगाव जातात. हे आमच्या कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

गावाबाहेर निघालो तसा एक काळीपिवळी जीपवाला जवळ आला. जवळ म्हणजे इतका जवळ, की जीपमधल्या एका बाईनं हात बाहेर काढून माझं हँडल धरलं.

“कैसे दिया, चाचा?”

“काय कैसे दिया?”

“वो घूमनेवाला.”

“ते माझं चाक होय बाई! सोड!”

जीप पुढे गेली तर एक ऑटो आला. मंडई कोणत्या गावाला आहे म्हणून विचारत तो बराच वेळ माझ्या बाजूनं चालला. मग दोन पोरं मोटारसायकलवर आली, मागचा मोबाइल काढून माझा व्हिडिओ घेत होता आणि पुढचा रस्ता सोडून माझ्या चाकाकडे पाहत होता. त्या संध्याकाळी साऱ्या रस्त्यानं मला पाहिलं. इतकं तर मला माझ्या लग्नात कोणी पाहिलं नव्हतं. पण ज्यानं पाहिलं तो प्रत्येक जण अंगावर आला.

“हात लांबवला असता तर गाडीले लागला असता,” मुलगा म्हणाला. मी तर लांबवलाही नव्हता. तरी लागला होता.

दुसऱ्या वेळी नातनीनं पुढे पांढरा झगझगीत दिवा लावला आणि सीटखाली एक लाल डबी बसवली. ती डबी रस्त्यावर माझ्या दोन्ही बाजूंना दोन लाल रेघा पाडत होती. रेघा माझ्याबरोबर चालत होत्या. मला फार ऐट वाटली. सरकारनं सायकलवाल्याला रस्ता दिला नाही, तर मी माझा सोबत घेऊन निघालो. बायको दारात उभी राहून म्हणाली, “अवो, त्या रेघांच्या भाईर जाऊ नका.” आता रेघाच माझ्या मागे येतात तर मी बाहेर कसा जाईन?

त्या दिवशी धानाच्या पोत्यांचा एक ट्रॅक्टर मागून आला आणि त्यानं आपलं चाक बरोबर माझ्या उजव्या रेघेवर ठेवलं. इकडं नाही, तिकडं नाही. पोती माझ्या खांद्याजवळून गेली. पुढे चहाच्या टपरीवर तो थांबला होता. मी सायकल आडवी लावली.

“काऊन जी, एवढा रस्ता पडला आहे, माझ्याच अंगावरून काऊन नेला?”

पोरगा चांगल्या घरचा, चिडला नाही. “काका, लाइन दिसली ना. लाइनवर चाक ठेवलं. लाइनीच्या आत आलो का? सांगा!”

आत आला नव्हता. आमच्याकडे धानाच्या रोवण्याला बांधीत, म्हणजे भातखाचरात, दोरी ताणतात, रोपं दोरीवर लागतात, दोरीपासून चार बोटं सरकलं तर बायका शिव्या देतात. त्या पोराचं सारं शिक्षण दोरीवरचं. त्याला रेघ म्हणजे दूर राहायची खूण वाटलीच नाही. मुलगा मागे हसत होता. मला राग आला, पण त्या पोराचा नाही आला.

बाईच्या घरी पोचलो तर ती ओट्यावर बसून माझ्याकडेच पाहत होती आणि विचारत होती, “कोण हाय?”

“मी होय. रोज तर दुरून वळखतेस.”

“रोज तुहे टोंगळे दिसतात ना भाऊ. आज नुसता दिवा येऊन राहिला. मले वाटलं बिजलीवाला असन. मानूस कुठी दिसते त्यात?”

सायकल मी टोंगळे, म्हणजे गुडघे, बाहेर फेकून चालवतो. लहानपणी थोरल्या काकाच्या उंच सायकलीवर शिकलो, तेव्हाची सवय. बाईनं त्यावरून जन्मभर चिडवलं. तिच्या डोळ्यांना आता चेहरा दिसत नाही, पण खालवर होणारे टोंगळे दिसतात. मी विचार करत राहिलो. दिवा तर खांबावर पण असतो, दुकानावर पण असतो. खालवर पाय फक्त माणूस मारतो.

घरी आल्यावर नातनीला म्हटलं, हे सारं काढ. पायाला काही आहे का? तिनं रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात तशी चमकणारी पट्टी आणली आणि दोन्ही पोटऱ्यांवर बांधून दिली. मागे साधा लाल दिवा ठेवला. न लुकलुकणारा.

मुलगा नेहमीसारखा मागून यायला तयार झाला. मी म्हटलं, नाही. “तू मांगं असल्यावर गाडीवाला तुले पाहून सरकते का मले, कसं समजणार? तू बाईच्या घरासमोर उभा राहून पाह, तिथून सारा रस्ता दिसते.”

“तुमची भीती वाटते म्हणून मांगं येतो जी.”

“भीती तुले वाटते, मग परीक्षा माझी काऊन घेतोस?”

तो पुढे निघून गेला. मी मुद्दाम ऊन गेल्यावर निघालो. हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, ते चढामुळे असेल. मागून ट्रकचा उजेड आला तेव्हा माझी सावली रस्त्यावर लांब पडली, दोन पाय खालवर, खालवर. मी मागे वळून पाहिलं नाही. ट्रकचा आवाज हळूहळू उजवीकडे सरकला आणि तो पार रस्त्याच्या त्या बाजूनं गेला. त्याच्या मागचा ट्रॅक्टरही हळू झाला, मग वळसा घालून गेला. जाता जाता ड्रायव्हर ओरडला, “आरामात, बाबा!” एक कार मात्र तशीच सूं करून कोपराजवळून गेली. आतला माणूस फोनवर बोलत होता. त्याच्यापुढे मी पायाला सूर्य बांधला असता तरी काय फरक पडला असता?

बाईच्या दारात मुलगा उभा होता. मी उतरलो. तो अजून रस्त्याकडेच पाहत होता.

“बोल ना.”

“ट्रक सरला. ट्रॅक्टर सरला. ते कार नाही सरली.”

“मग?”

“मग का. कारवाला तर मले पण कट मारून जाते.” त्यानं खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली. आईकडून आधीच घेऊन आला होता म्हणजे. “पण बाबूजी, अंधार पडाच्या आत निघत जा.”

मी चावी खिशात टाकली. तेवढ्यात बाई आतून ओरडली, “दोघंही दारात कायले उभे हाव? चहा आटून राहिला!”

कितीतरी दिवसांनी माझा मुलगा बाईच्या घरात बसला. तिनं त्याला धुतला. दारातून पळतोस, आत्या मेली का पाहायला तरी आत ये, म्हणाली. तो मान खाली घालून चहा पीत होता आणि मी पहिल्यांदाच चहाला चांगला म्हटलं. गप्पांत बाहेर चांगला अंधार झाला.

निघताना त्यानं मोटारसायकल चालू केली, मी मागे सायकल धरून उभा होतो. पाहतो तर त्याच्या गाडीचा मागचा लाइट बंद. ब्रेक दाबायला लावलं, तरी बंद. इतके दिवस तो माझ्या मागे होता, त्याची पाठ पाहायला कोण होतं?

“हळू चाल,” मी म्हटलं. “तू समोर राय, मी मांगून येतो.”

“बाबूजी, सायकलीच्या चालीनं जाऊ का?”

“जाशील नाही तर का! चाल.”

तो गेला, सायकलीच्या चालीनं, आणि मी त्याच्या मागे दोन्ही टोंगळे बाहेर काढून पायडल मारत घरापर्यंत आलो.